सरकारी शाळेला केंद्राचे पैसे कसे येतात आणि त्याचा हिशेब कोणी मागायचा? धायरीसह हवेलीतल्या पालकांसाठी सविस्तर माहिती

धायरी : सिंहगड रस्त्याला लागून असलेलं धायरी गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. त्या वेळी हवेली तालुक्यातली ११ गावं एकदम शहरात आली. २०२१ मध्ये आणखी २३ गावांची भर पडली. गावची ग्रामपंचायत गेली, घरपट्टीचं बिल बदललं, रस्त्यांवर दिवे आले. पण सरकारी शाळेत मूल शिकवणाऱ्या आई-बापाचे प्रश्न तेच राहिले. शाळेला पैसे येतात का? किती येतात? गणवेश कधी मिळणार? एका बाईंकडे दोन-दोन वर्ग का? आणि विचारायचं कोणाला?

धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात एकीकडे उंच सोसायट्या, तर दुसरीकडे बांधकामावरचे मजूर, छोट्या कारखान्यांतले कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांची भाड्याची खोली आणि पत्र्याची शेड. ज्यांना परवडतं त्यांची मुलं खासगी इंग्रजी शाळेत जातात. सरकारी शाळेच्या पटावर उरतात ती हातावर पोट असलेल्यांची मुलं. अशा शाळांसाठी केंद्र सरकार पैसे देतं, त्याबरोबर अटीही घालतं. त्या अटींत पालकांना बरेच अधिकार आहेत, पण ते अनेकांना माहीतच नसतात.

पैसे येतात कुठून?

केंद्राच्या शालेय निधीची मुख्य योजना म्हणजे 'समग्र शिक्षा'. आधी प्राथमिकसाठी सर्व शिक्षा अभियान, माध्यमिकसाठी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची वेगळी योजना होती. २०१८ मध्ये या तिन्ही एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली. १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २ लाख ९४ हजार २८३ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा १ लाख ८५ हजार ३९८ कोटींचा.

महाराष्ट्रात खर्चाची वाटणी ६०:४० अशी आहे. म्हणजे १०० रुपयांत ६० केंद्राचे, ४० राज्याचे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना केंद्र ९० रुपये देतं.

हा पैसा म्हणजे उपकार नव्हे. आयकरावर २००४ पासून शिक्षणासाठी वेगळा उपकर लागतो. २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून तो ४ टक्के आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिक्षकांचा पगार हा शाळेवरचा सगळ्यात मोठा खर्च आणि त्याचा मुख्य भार राज्य सरकार व स्थानिक संस्था उचलतात. केंद्राच्या निधीतून मुख्यतः शाळा अनुदान, गणवेश, पुस्तकं, वर्गखोल्या, दिव्यांग मुलांच्या सोयी, शाळाबाह्य मुलांचं विशेष प्रशिक्षण, वाचनालय, क्रीडा साहित्य, शिक्षकांचं प्रशिक्षण अशा गोष्टी चालतात. दुपारच्या जेवणाची योजना वेगळी आहे, तिचं नाव पीएम पोषण.

एका शाळेला वर्षाला किती?

सरकारी शाळेला मिळणाऱ्या 'संयुक्त शाळा अनुदाना'चा दर मुलांच्या पटावर ठरतो. समग्र शिक्षेच्या या टप्प्यातले वार्षिक दर असे :

- पट १ ते ३० : १० हजार रुपयांपर्यंत
- पट ३१ ते १०० : २५ हजार रुपयांपर्यंत
- पट १०१ ते २५० : ५० हजार रुपयांपर्यंत
- पट २५१ ते १००० : ७५ हजार रुपयांपर्यंत
- पट १००० च्या वर : १ लाख रुपयांपर्यंत

यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. उरलेल्या पैशातून वीजबिल, पाणी, इंटरनेट, खडू-फळा, शैक्षणिक साहित्य, बिघडलेल्या वस्तूंची दुरुस्ती, इमारतीची आणि शौचालयाची डागडुजी असा खर्च करता येतो.

याशिवाय :

- गणवेश : पहिली ते आठवीच्या सर्व मुली, तसंच अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांसाठी दोन संचांचे मिळून वर्षाला ६०० रुपये. उरलेल्या मुलांना गणवेश देण्यासाठी २०२३-२४ पासून राज्य सरकार पैसे घालतं. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकसारखा गणवेश वरून पुरवायचा प्रयोग झाला. २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं.
- पाठ्यपुस्तकं : पहिली ते आठवी मोफत.
- वाचनालय : शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत.
- खेळाचं साहित्य : प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत.

'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. ही कमाल मर्यादा आहे. दर वर्षी राज्याचा आराखडा केंद्राच्या प्रकल्प मंजुरी मंडळापुढे जातो. तिथे जे मंजूर होतं आणि हप्त्याने जे सुटतं, तेवढंच शाळेपर्यंत पोहोचतं. पुढच्या टप्प्यात दर बदलले तर आकडेही बदलतील. त्यामुळे आपल्या शाळेला यंदा नेमकं किती मंजूर झालं, हे शाळेतच विचारावं.

तीन मुलांचा फरक

समजा, एका शाळेचा पट ९८ आहे. तिला जास्तीत जास्त २५ हजार मिळतील. पट १०१ झाला, तर मर्यादा ५० हजारांवर जाते. फरक फक्त तीन मुलांचा, पण अनुदान दुप्पट. तसंच ३० च्या ऐवजी ३१ मुलं असतील, तर १० हजारांचे २५ हजार होतात.

शिक्षकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ ते २०० ला पाच असं प्रमाण दिलं आहे. मुलं दीडशेच्या वर गेली, तर पाच शिक्षक आणि शिवाय मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक. प्रत्यक्षात पदं मंजूर होतात ती राज्याच्या संचमान्यतेतून. त्यासाठी ऑनलाइन नोंदलेला आणि आधार जुळलेला पट धरला जातो. आधारवरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल, तर मूल रोज बाकावर बसत असूनही मोजणीत अडकतं.

आता यातली खरी गोम. पटाची मोजणी परंपरेने ३० सप्टेंबर या तारखेवर होते. धायरीसारख्या ठिकाणी मजुरांचं येणं-जाणं वर्षभर चालू असतं. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून, विदर्भातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून कुटुंबं कामासाठी पुण्याकडे येतात. त्यांचं मूल नोव्हेंबरात शाळेत दाखल झालं, तर ३० सप्टेंबरच्या आकड्यात ते या शाळेत नसतं. बाईंच्या वर्गात एक मूल वाढतं, पण त्या वर्षीच्या अनुदानात आणि पदांत त्याचा हिशेब येत नाही. म्हणून मूल शाळेत घालायचं असेल तर जूनमध्येच घालावं, आधारची दुरुस्ती सप्टेंबरच्या आत करून घ्यावी. यात त्या मुलाचं तर भलं आहेच, अख्ख्या शाळेचंही आहे.

मात्र उशीर झाला म्हणून शाळेला मूल नाकारता येत नाही. त्याबद्दल पुढे.

गरीब भाग ठरवतात कसा?

समग्र शिक्षेत शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुके, आदिवासी भाग, नक्षलग्रस्त भाग आणि आकांक्षित जिल्हे यांना प्राधान्य आहे. २०१८ मध्ये केंद्राने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले. त्यात महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद).

पुणे जिल्हा पुढारलेला मानला जातो, त्यामुळे तो या यादीत नाही. पण धाराशिवहून आलेलं मजुराचं कुटुंब धायरीत पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलं, की त्याची गरिबी काही संपत नाही. फक्त जिल्हा बदलतो आणि प्राधान्याची यादी मागे राहते. जिल्हा पाहून दिलेला निधी श्रीमंत जिल्ह्यातल्या गरीब वस्तीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

अशा मुलांसाठी वेगळी वाट आहे, ती म्हणजे शाळाबाह्य मुलांची नोंद आणि विशेष प्रशिक्षण. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या किंवा कधीच न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात 'शिक्षण हमी कार्ड' आहे. मूळ गावच्या शाळेतून ते घेऊन निघालं, की नव्या गावात मुलाला लगेच वर्गात बसवणं सोपं जातं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहं चालवली जातात, तीही याच विचारातून.

पैसे शाळेत येईपर्यंतचा रस्ता

केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या तिजोरीत येतो. राज्य आपला वाटा घालतं. मग तो महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि तिथून शाळेकडे वळतो. २०२१ पासून केंद्राने 'एक योजना, एक खातं' अशी पद्धत आणली. आधी शाळेच्या खात्यात रक्कम जमा होऊन पडून राहायची. आता शाळेच्या खात्याला खर्चाची मर्यादा मिळते आणि पीएफएमएस प्रणालीवरून थेट दुकानदाराला किंवा कंत्राटदाराला पैसे जातात.

याचा फायदा असा की पैसा कुठे गेला ते वरपर्यंत दिसतं. अडचण अशी की मर्यादा उशिरा आली, तर खर्चाला दिवस थोडे राहतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादा हातची जाते. म्हणून मार्च महिन्यात शाळाशाळांत बिलांची धावपळ दिसते. शाळेने आणि समितीने काय घ्यायचं याचा ठराव आधीच करून ठेवला, तर या धावपळीत नको ती खरेदी होत नाही.

अटी कोणत्या?

पैशाबरोबर येणारी जबाबदारी साधारण पाच प्रकारची आहे.

१) उपयोगिता प्रमाणपत्र. आधीचा पैसा कशावर खर्च झाला याचं प्रमाणपत्र खालून वरपर्यंत जावं लागतं. ते अडलं की राज्याचा पुढचा हप्ता अडतो.

२) युडायस प्लस. देशातल्या प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक आहे. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे (पुणे २५), मग तालुका, गाव आणि शाळा. मुलांची संख्या, शिक्षक, वर्गखोल्या, शौचालय, पाणी, वीज, अनुदान अशी सगळी माहिती शाळा दर वर्षी यात भरते. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होते. यातल्या आकड्यांवरच आराखडा ठरतो.

३) मुलांना येतं किती. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि साधं गणित करता यावं, हे 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाची मुदत २०२६-२७ पर्यंत. राज्यात पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात. जागतिक बँकेच्या ५० कोटी डॉलर मदतीचा 'स्टार्स' प्रकल्प ज्या सहा राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र आहे आणि या चाचण्या त्याच प्रकल्पातून सुरू झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांत केंद्राचं 'परख' सर्वेक्षण झालं.

४) सामाजिक लेखापरीक्षण. दर वर्षी २० टक्के शाळा घेऊन पाच वर्षांत सगळ्या शाळांचं लोकांसमोर लेखापरीक्षण करायचं, असं समग्र शिक्षेचं धोरण आहे. पीएम पोषण योजनेतही सामाजिक लेखापरीक्षण बंधनकारक आहे.

५) शाळा व्यवस्थापन समिती. पालकांचा थेट हात पोहोचतो तो इथेच.

पटाचा खोटेपणा आणि २०११ ची पटपडताळणी

पटावर पैसा आणि पदं ठरतात, म्हणून पट फुगवण्याचा मोहही होतो. महाराष्ट्राने हे पाहिलं आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकाच मुलाला दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. कागदावरची कितीतरी मुलं वर्गात सापडली नाहीत. निम्म्याहून कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांवर कारवाईची मागणी झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. आजची आधार पडताळणी आणि मुलागणिक नोंद ही त्याच प्रश्नाची पुढची पायरी.

पण दोन्ही बाजू पाहाव्यात. खोटं मूल पटावरून गेलं, हे बरंच झालं. मात्र खरं मूल कागदावाचून मोजणीतून सुटलं, तर त्याची शिक्षा शाळेतल्या सगळ्या मुलांना होते.

निकाल वाईट आला तर शाळा बंद करतात का?

अमेरिकेत गरीब वस्तीतल्या शाळांना १९६५ च्या कायद्याने केंद्राचा पैसा मिळू लागला. २००२ च्या कायद्याने तिथे तिसरी ते आठवी दर वर्षी चाचणी सक्तीची झाली. २०१४ पर्यंत सगळी मुलं उत्तीर्ण पातळीवर आली पाहिजेत, असं लक्ष्य ठेवलं गेलं. सतत मागे पडणाऱ्या शाळेतून मुलाला दुसरीकडे नेण्याची मुभा, खासगी शिकवणी, शेवटी शाळेची पुनर्रचना अशा पायऱ्या होत्या. ते लक्ष्य गाठलं गेलं नाही. २०१५ मध्ये कायदा बदलला. आता प्रत्येक राज्याने अशा अनुदानित शाळांपैकी सगळ्यात मागे असलेल्या ५ टक्के शाळा ओळखून सुधारणेचा आराखडा करायचा असतो.

आपल्याकडे चाचणीचा निकाल वाईट आला म्हणून केंद्र एखाद्या शाळेचं अनुदान तोडतं, असा नियम समग्र शिक्षेत नाही. निकालावरून शिक्षकांना प्रशिक्षण, मुलांना जादा सराव असे उपाय अपेक्षित आहेत. आपल्याकडे शाळेला धोका निकालापेक्षा घटत्या पटाचा. कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार २०२३ मध्ये राज्याने पुढे आणला. त्यासाठी ज्या शाळांचा दाखला दिला गेला, त्यातली एक पानशेतची. धायरीवरून सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या पुढे गेलं की पानशेत येतं. तिथे आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत आणली जातात. मोठी इमारत, जास्त शिक्षक, सोयी हा त्यातला फायदा. वाडीवरची शाळा जाणं, लहान पोरांचा प्रवास आणि गाडी बंद पडली तर मूल घरी, ही त्यातली भीती.

कायद्याचं अंतर लक्षात ठेवावं. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी.

केंद्राच्या अटींचा दुसरा प्रकार राज्यांना लागतो. निवडक शाळा आदर्श करण्याची पीएम श्री योजना सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली. देशात १४,५०० हून जास्त शाळा आणि २७,३६० कोटींचा खर्च. महाराष्ट्राने करार केला. तमिळनाडूने केला नाही, त्यानंतर २०२४-२५ चे समग्र शिक्षेचे हप्ते अडले आणि ते राज्य २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. दिल्ली आणि राज्य यांच्या भांडणात अडकतो तो पैसा शेवटी वर्गातल्या मुलांचाच असतो.

समिती : पालकांच्या हातातली किल्ली

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेत तिची रचना अशी :

- ७५ टक्के सदस्य पालक.
- निम्म्या सदस्य महिला.
- वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. म्हणजे शाळेत निम्मी मुलं मजुरांची असतील, तर त्यांचे आई-बाप समितीत दिसायला हवेत.
- अध्यक्ष पालकांतूनच, सचिव मुख्याध्यापक.
- महाराष्ट्रात सचिव सोडून १२ ते १६ सदस्य. मुदत दोन वर्षं. बैठक दर महिन्याला.

समितीची कामं : शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि सरकार, महापालिका वा इतर कुठूनही आलेल्या अनुदानाचा वापर तपासणं. आराखडा कलम २२ मध्ये आहे आणि अनुदान मागण्याचा पाया तोच. आराखड्यात शौचालय लिहिलंच नाही, तर पुढे कोणी ते मंजूर करणार नाही.

बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते. रजिस्टर घरी पाठवून सह्या घेतल्या जातात. मजूर बाईला दुपारी तीनच्या बैठकीला यायचं तर तिचा खाडा होतो, मग ती येत नाही. बैठक सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवा, अशी मागणी सदस्यांनी करावी. एवढ्या साध्या बदलानेही फरक पडतो.

धायरीसारख्या समाविष्ट गावात कोणाकडे जायचं?

गाव महापालिकेत आलं म्हणजे शाळेची जागा, इमारत, शिक्षक आणि दप्तर यांचं हस्तांतर आपोआप होतं असं नाही. त्यामुळे जिल्हा परिषद म्हणते महापालिकेकडे जा, महापालिका म्हणते तिकडे जा, असा अनुभव समाविष्ट गावांतल्या लोकांना नवा नाही.

यावर सोपा उपाय आहे. मोबाइलवर युडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल' या भागात शाळेचा क्रमांक टाकावा. शाळेच्या माहितीत 'व्यवस्थापन' या रकान्यात जे लिहिलं असेल, ते धरावं. जिल्हा परिषद असेल तर हवेली पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी. महापालिका असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग. इमारत, पाणी, ड्रेनेज यासाठी धायरीला सिंहगड रस्ता क्षेत्रीय कार्यालय. कायद्याच्या भाषेत दोन्ही 'स्थानिक प्राधिकरण'च. कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतल्या १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद ठेवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे त्यांचं कर्तव्य आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाखला नाही, आधार नाही, मूल घेतील का?
घ्यावंच लागतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही नाही (कलम ५). वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश मिळतो (कलम १५). आधार नंतर काढता येतं.

शाळा पैसे मागते, द्यायचे का?
सरकारी शाळेत पहिली ते आठवीला फी नाही. लोकवर्गणी ऐच्छिक असते. दिली तर पावती घ्यावी.

गणवेश मिळाला नाही, विचारायचं कोणाला?
आधी समितीला. पैसे आले का, किती मुलांचे आले, कापड कोणाकडून घेतलं, हे बैठकीच्या इतिवृत्तात असायला हवं.

बाई सारख्या दुसऱ्याच कामाला असतात, हे चालतं का?
जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही (कलम २७). पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे.

जेवण किती मिळायला हवं?
पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

तक्रार कुठे करायची?
कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी. पोच घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

हिशेब दाखवत नाहीत, मग?
माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात गोल गोल लिहू नये. 'अमुक वर्षी संयुक्त शाळा अनुदान किती मंजूर झालं, किती खर्च झालं, बिलांच्या प्रती आणि समितीच्या ठरावाची प्रत द्यावी' एवढं पुरे.

वर्षभराचं पालकांचं कॅलेंडर

जून : मूल दाखल करा. गणवेश, पुस्तकं आली का बघा. समितीची मुदत संपली असेल तर पालकसभेची तारीख विचारा.
जुलै-ऑगस्ट : आधार आणि दाखल्यावरचं नाव जुळवा. वस्तीत शाळेत न जाणारं मूल असेल तर शाळेला कळवा.
३० सप्टेंबर : पट किती लागला, ते मुख्याध्यापकांना विचारा.
दिवाळीनंतर : कामासाठी गाव सोडणार असाल, तर शिक्षण हमी कार्ड घेऊन निघा. नवी कुटुंबं वस्तीत आली असतील, तर त्यांना शाळा दाखवा.
डिसेंबर-जानेवारी : पुढच्या वर्षाच्या आराखड्यात काय लिहिलं, ते वाचून घ्या.
फेब्रुवारी : अनुदानाची मर्यादा आली का, किती शिल्लक आहे, ते बैठकीत विचारा.
३१ मार्च : खर्चाचा हिशेब फलकावर लावायला सांगा.

देशात आजही एक लाखाहून जास्त शाळा एका शिक्षकावर चालतात. त्या शिक्षकाला शिकवायचं, पोषण आहार बघायचा, चॅटबॉटवर गुण भरायचे आणि बिलंही जुळवायची. त्यामुळे हिशेब विचारायचा तो गुरुजींना अडवायला नव्हे. समितीतले दोन-चार पालक उभे राहिले, तर शिक्षकांच्या मागणीलाही वजन येतं आणि वरच्या साहेबांनाही उत्तर द्यावं लागतं.

महिन्याची पुढची बैठक कधी आहे, एवढं उद्या मूल शाळेत सोडताना विचारलं तरी सुरुवात होते.